अकरा दिवसांचा ताप

९ फेब्रु.
इकडे हिंदी मुलखात नवं राज्य झाल्यापासून ऑफिसात माणसं निम्मी, फायली दुप्पट. आणि मी आठ महिने घरी. जूनमधल्या तापानंतर हे असंच. आज आंघोळ जमली. पोळ्या नाही, त्या लेकीने, रेणूने केल्या. एक दिवस बरं वाटलं म्हणून हातपाय हलवले, की तीन दिवस आडवी.

१२ फेब्रु.
डॉ. मॅडम ऐकून घेतात. म्हणाल्या, कधी कधी व्हायरसचा ताप उतरतो, थकवा मागे राहतो. नक्की कोणता व्हायरस, कसं, अजून कुणालाच नीट ठाऊक नाही. म्हणून ताप आला होता का, किती दिवस, हेच महत्त्वाचं. घरचं कुणी आणा, मग रजेसाठी लिहून देते. तेव्हाची डॉक्टरची चिठ्ठी मी जपली नाही, मूर्ख. पण हे आहेतच. अकरा दिवस कपाळावर पट्ट्या ह्यांनीच ठेवल्या.

१६ फेब्रु.
हे सिलतऱ्याच्या कारखान्यातून ड्यूटी सोडून आले. मॅडमनी विचारलं. "बुखार-वुखार कुछ नहीं था, मैडम. इनका मन नहीं लगता ऑफिस में."
मॅडमनी पेन खाली ठेवलं. पुढल्या गुरुवारी या म्हणाल्या.
रिक्षात ह्यांना विचारलं, असं खोटं काहून?
"कागदावर रोग चढला का उतरत नाही. पोट्टीचं लगीन जमून राहिलं. मायले असं, मंग पोरीलेही होईल म्हणतात लोक."
केसाने गळा कापला. तोही किती समजुतीच्या आवाजात.

२२ फेब्रु.
भंडाऱ्याचे लोक रेणूला पाहून गेले. मुलाच्या आईने विचारलं, "तब्येत कशी आहे ताई?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मस्त," म्हणाले मी. पोहे, चहा, ओटी, सगळं उभ्याने. स्वतःचीच लाज वाटली.

२५ फेब्रु.
तीन दिवस पलंग. उजेडही नको. हे पाय दाबायला बसले. पाय ओढून घेतले. रागापुरती ताकद असते म्हणायची.

२६ फेब्रु., गुरुवार
भंडाऱ्याचा होकार. पेढे आले. "आता काहून जायचं मॅडमकडे?" हे म्हणाले.
रेणू उठली. "पापा, बुखार था. मम्मी, चलो, मैं बोलूँगी."
ती बोलली तर बाप खोटा, नाही बोलली तर आई. पोट्टी चप्पल घालून दारात उभी आहे. मी अजून केसही विंचरलेले नाहीत.