रिकाम्या हुकाचं वजन

४ एप्रिल १९७७
ओहायोला आल्याचं चीज झालं. जहाजावरून उभ्या-उभ्या हवेत चढणारं नौदलाचं लढाऊ विमान, आणि त्याच्या वजनाचा काटा वाचणारा मी! उंच लोखंडी कमानीच्या हुकाला विमान तारेच्या दोराने टांगतात आणि इंजिन सुरू करतात. ते स्वतःला जितकं उचलेल तितका हुकावरचा भार कमी होतो. काटा शून्यावर आला की विमान तरंगलं. माझ्या काचेच्या खोलीतून काटा समोरच दिसतो.

वैमानिक रॉस्को टटल रोज सकाळी आधी स्वतः हुकाला लोंबकळतो. “सांग रे चष्मिस, बायकोचे डोनट किती चढले?” एकशे अठ्ठ्याहत्तर पौंड. मग त्याने मलाही लटकावलं. एकशे त्रेपन्न. वारा सुटला की खिशात दगड ठेवत जा, म्हणाला. सगळे हसले, मीही.

१९ एप्रिल
तीन मिनिटं काटा अगदी शून्यावर. चौथ्या मिनिटाला मात्र इंजिन आपलाच गरम धूर ओढून घेतं, दम सोडतं आणि काटा अकराशेवर उडी मारतो. सहाही चाचण्यांत मारली; दोर विमानाला धरून ठेवतो, म्हणून आत बसलेल्या टटलला ते कळत नाही. आमचे साहेब हॅलोरन यांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, काटा जुना आहे, झटके खातो, आणि शहाणी माणसं झटके लिहीत नाहीत. शुक्रवारी नौदलाचे अधिकारी येतायत. त्यांना पटलं नाही तर प्रकल्प गुंडाळणार, तीनशे माणसं घरी बसणार. मी चाचणीच्या वहीत सगळीकडे शून्य लिहिलं. तुला कायम करतो, म्हणाले. मला आनंद झाला. हे लिहितानाही लाज वाटते.

२२ एप्रिल
आज दोर न लावता चढायचं होतं. टटलने माझी वही उघडलीसुद्धा नाही. “तू पाहिलंयस ना शून्य? मग झालं तर.” मी मान हलवली.
चौथ्या मिनिटाला विमान चाळीस फुटांवरून खाली आलं. टटल गेला.

३ मे
प्रकल्प रद्द. चौकशीत मी शून्यच सांगितलं. ठपका टटलवर आला, म्हणे त्याचा हात चुकला. बाहेर त्याची बायको व्हेर्ना उभी होती. खरंच चुकला का, असं तिने विचारलं. मुलांना काय सांगायचं ते तिला कळत नव्हतं. मी हो म्हणालो. तिने माझे आभार मानले.

९ मे
सामानाची आवराआवर करायला मला एकट्याला ठेवलंय. दुपारचे दोन, लख्ख ऊन, वारा नाही. हुक रिकामा. काटा एकशे अठ्ठ्याहत्तरवर.
तेल दिलं, ठोकून पाहिलं. तसाच. वहीत शून्य लिहिलं.

१० मे
१७८. हुक झुलतोय, सकाळी टटल लोंबकळला की झुलायचा तसा. हॅलोरनना फोन केला. झटका असेल, म्हणाले, लिहू नकोस.
शून्य लिहिलं.

११ मे
व्हेर्नाला पत्र लिहायला बसलो. ‘काटा उडत होता, मी पाहिलं होतं’ — एवढंच झालं. फाडलं. नोकरी जाईल, जगाला तोंड कसं दाखवू — काट्याकडे बघवत नाही. शून्य लिहिलं.

१२ मे
दार लावलंय. काटा हलला — १७८ नाही. तीनशे एकतीस.
त्यात माझे एकशे त्रेपन्न. मी तर खुर्चीत आहे — होतो —
पाय टेकत नाहीत.
व्हेर्ना, त्याचा हात चुकला नव्हता. मी खोटं — काटा अकराशेवर — सहाही वेळा — मी —
तीन मिनिटं झाली. आता चौथं —