धुळीपाशी थांबलेलं गाणं

नगर, भावाच्या उपवासाचा दिवस

आई, तू गेल्यापासून तुला एकदाही लिहिलं नाही, माफ कर. डायरी रोज लिहिते, त्यात पावसापासून भाजीच्या भावापर्यंत सगळं असतं, तू मात्र नसतेस. आज लिहिते आहे, कारण तुझं गाणं सगळीकडे वाजतंय. त्याबद्दल लोक जे सांगतात ते खरं की खोटं, हे माहीत असलेली आता बहुतेक मी एकटीच उरले आहे.

इथल्या नागापूर एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत एक तरुण इंजिनियर आहे, सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर गिटार घेऊन गातो. एकदा जेवताना जुन्या गाण्यांचा विषय निघाला म्हणून मी त्याला मोबाईलवर तुझं नागपंचमीचं गाणं ऐकवलं. कॉलेजात असताना टेपवर घेतलं होतं ते, मागाहून मोबाईलमध्ये उतरवून ठेवलेलं. त्याने डबा बाजूला सारून ते पुन्हा ऐकलं. "मॅडम, हे धुळीपाशी थांबतं ना, तिथंच काटा येतो अंगावर. आम्ही करू का हे?" मी हो म्हटलं. त्यांनी तुझी चाल तशीच ठेवली, तिला गिटार आणि ड्रमची साथ दिली, आणि 'लिंबाच्या वळणाला धूळ कुणाची उठली गं' ही ओळ पुन्हा पुन्हा म्हणत गाणं एकदम तोडलं. त्या तुटण्यामुळेच ते चाललं. आता ते कंपनीच्या बसमध्ये लागतं, भाजीच्या टेम्पोत लागतं, पुण्यातल्या कार्यक्रमात पोरं ती ओळ ओरडून म्हणतात. कुणी लिहितं, बाई प्रियकराची वाट पाहते आहे. कुणी लिहितं, येणारा केव्हाच मेलेला आहे. आणि स्टेजवरून तो सांगतो, "या बाईंनी गाणं मुद्दाम प्रश्नावर सोडलं."

मुद्दाम? मला तो दिवस दिसतो. सोनईजवळचं आपलं घर, पंचमी. चिरायचं-कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून तू पुरणाचे दिंड उकडायला लावले आहेस. मी टेप मांडून बसले आहे. "ह्याच्यात माझा आवाज मावतोय व्हय?" असं म्हणून तू हसतेस आणि गायला लागतेस. गाण्यात सासरी असलेली बहीण, पंचमीला न्यायला येणाऱ्या भावाची वाट पाहणारी. लांब वळणावर धूळ उठते, आणि तेवढ्यात आपल्या शेजारची काकू दारातून तुलाच विचारते, "काय गं, आला का तुझा मुराळी न्यायला?"

"येईल की. पाटाच्या पाण्याची पाळी असंल त्याची."

"दर पंचमीलाच बरी येती गं पाळी!"

तू हसली नाहीस. मला म्हणालीस, "बंद कर ते." मी बटण दाबलं. पाळीबिळी काही नव्हती. जमिनीच्या वाटणीत तू हक्कसोडीवर सही दिली नाहीस, आणि त्या वर्षापासून मामाने तुला न्यायला येणं बंद केलं.

हे गाणं आपल्याकडे मध्येच सोडत नाहीत. धूळ उठते, गाडी दिसते, भाऊ दारात येतो, बहीण त्याच्या पायावर पाणी घालते, आणि मगच बायका फेर मोडतात. बहिणीला वाटेवर उभी ठेवून घरी जायचं नसतं. हे मी त्या इंजिनियरला आधीच सांगितलं होतं. "भाऊ आला तर गाणं संपलंच ना मॅडम," तो म्हणाला. टेपवर आलेला काकूचा आणि तुझा संवाद त्याने कापला. मला राग यायला हवा होता, पण तो चुकतोय असंही छातीठोकपणे म्हणता येईना. पुढची कडवी तुला पाठ होती. ती नको झाली म्हणून थांबलीस, की नुसती त्या काकूला कंटाळलीस? तुला मी कधी विचारलं नाही.

आज दुपारी फोन आला. "मामा बोलतोय, कोपरगाववरनं." तुझ्या दहाव्यानंतर पहिल्यांदाच. "नातवानं आक्काचं गाणं लावलं. लई चांगलं केलंय पोरांनी. पन पुढचं का काढलं? पुढं भाऊ येतो की गं."

"त्यांनी नाही काढलं, मामा. आईच तिथं थांबली होती."

मग त्याने विचारलं, "उपास धरायची का ती माझा?"

"दर वर्षी. दवाखान्यात होती तेव्हासुद्धा."

"आन् मला वाटायचं, तोडलं तिनं." तो खोकला, उगाच पावसाचं काहीतरी बोलला, आणि म्हणाला, "उद्या पंचमी हाय. तू ये. नातवाला गाडी घेऊन पाठवतो तुला न्यायला."

"नको मामा, कशाला त्याला त्रास? जमलं तर बसने येईन मी."

"बरं," म्हणाला आणि फोन ठेवला.

आई, जे ऐकायला तू इतक्या पंचम्या काढल्यास ते माझ्या कानावर आलं, आणि मी ते एका दमात परतवून लावलं. संध्याकाळपासून स्वतःला विचारते आहे, ही भीड होती का? नव्हती. नको म्हणताना मला बरं वाटलं. त्यालाही थोडं ताटकळू दे, असं वाटलं. तुझ्या वतीने हे करायचा हक्क मला कुणी दिला होता? तू तर परक्या बाईसमोरसुद्धा त्याची बाजू सावरून घेतलीस. हे कुठे पाठवायचं नाहीच, डायरीतच राहील, म्हणून लिहवलं.

उद्या: सकाळी उठल्याबरोबर मामाला फोन. गाडी पाठव म्हणावं, मी थांबते.