पडद्याच्या मागच्या बाजूने

बाबा, नळ आलेला असायचा, आई मोरीत कळशी लावायची आणि मी ती उचलून पिंपात ओतायचे. तुम्ही गॅलरीत स्टुलावर, हातात चहाची बशी. पिंप भरलं की फ्रॉकला हात पुसत मी तुमच्याजवळ येऊन उभी राहायचे, कारण माझं पुढचं काम ते होतं. "काय दिसता गो?" तुम्ही विचारायचात आणि मी सांगायला लागायचे. समोरच्या चाळीत गोधडी वाळत टाकलीये, पिवळी, कडेला फाटलेली. मुकादम निघालाय, आज नवा सदरा आहे. खालच्या मावशी कुणाशीतरी भांडतायत, कुणाशी ते दिसत नाही. "दिसत नाय तर नाय म्हण," तुम्ही म्हणायचात, "आपल्या पदरचां घालू नको." काचबिंदूने तुमची नजर गेली, मागावरचं काम सुटलं, पण लालबागच्या त्या आवारात काय चाललंय ते तुम्हाला रोज हवं असायचं, चहाइतकंच.

गणपतीत गल्लीत पांढरा कपडा बांधून सिनेमा दाखवायचे. पुढच्या बाजूला गर्दी, धक्के. म्हणून आपण पडद्याच्या मागे, जिन्याच्या पायऱ्यांवर बसायचो. मागून चित्र उलटं दिसतं हे मला ठाऊकच नव्हतं. मी तुम्हाला सांगितलं, हिरो डाव्या हाताने लिहितो, डाव्या हाताने मारतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही न्हाव्याच्या दुकानात तेच छातीठोकपणे सांगितलंत. अख्खं दुकान हसलं. "अहो डावरा कसला, पोरीला पडद्यामागे बसवलंत तुम्ही!" मी दारातच उभी होते, तुम्हाला घरी न्यायला. मला वाटलं आता मार बसणार. तुम्ही दाढीचा साबण तसाच ठेवून म्हणालात, "तिका जसां दिसलां तसां तिनां सांगितल्यान. तुमका उजवो दिसलो तर तुमी उजवो म्हणा."

रागावलात ते दुसऱ्याच गोष्टीला. पडद्यावर दोघं जवळ आली आणि मी गप्प झाले. तुमचं कोपर लागलं. "गप कित्याक झालंस?" मी म्हटलं, काही नाही बाबा, बाग दाखवतायत. पलीकडून पोरांचा गोंधळ चालला होता. "बागेक शिट्टी कोण मारता गो?" तुम्ही एवढ्या मोठ्याने म्हणालात की पायऱ्यांवरची माणसं वळून बघायला लागली. "सगळां सांग. डोळे गेले म्हणान मी काय पोर नाय झालंय."

हे सगळं आज लिहितेय कारण गेल्या रविवारी तुमचं कोपर मला पुन्हा लागलं.

हे, तुमचे जावई, गेले त्याला काही वर्षं झाली. घरात बोलायला कोणी उरलं नाही, तेव्हा मी मोठ्याने वाचायला लागले. आठवीत शाळा सुटली होती, पण वाचनालय सुटलं नव्हतं. तिथल्या बाईंनी विचारलं, एका मुलीला बँकेच्या परीक्षेची पुस्तकं वाचून दाखवाल का, तिला दिसत नाही. वाचून दाखवली. मुलगी पास झाली, बँकेत लागली, पण येत राहिली. तीच आता आणखी दोघांबरोबर एक छोटा चित्रपट महोत्सव भरवते. ज्यांच्या गोष्टी कोणी दाखवत नाही अशा माणसांचे सिनेमे, आणि बघायला सगळे. ऐकू न येणाऱ्यांसाठी खाली अक्षरं असतात; ती लिहिणारा मुलगा त्या दोघांतला एक, त्यालाही ऐकू येत नाही. न दिसणाऱ्यांसाठी कोणीतरी चित्र बोलून सांगतं. तिसरी एक उंच, सुती साडी नेसणारी बाई. जन्मली तेव्हा घरच्यांनी तिला मुलगा म्हटलं होतं. हॉल, खुर्च्या, वीज, भांडणं, सगळं तिच्याकडे.

बोलून सांगायला त्यांनी मला बसवलं. तालमीत मी म्हटलं, "ती रडतेय, तिला नवऱ्याची आठवण येतेय." बँकवाली मुलगी हसली. "काकू, रडतेय एवढंच सांगा. का रडतेय ते आम्ही बघू." बाबा, मला वाटलं तुम्हीच तिला शिकवून पाठवलंय.

ऐनवेळी दादरचा हॉल गेला. रंगकाम काढलंय म्हणाले, पण आवाजावरून कळतं ना, त्यांना आमचे सिनेमेच नको होते. मग मीच आमच्या भाऊजींकडे गेले. यांचा धाकटा भाऊ, आमच्याच चाळीत वरच्या मजल्यावर राहतो, चाळीच्या गणपती मंडळाचा सेक्रेटरी आहे. "वहिनी, तुम्ही म्हणताय म्हणजे चांगलंच असणार," म्हणाले आणि मंडळाच्या हॉलची किल्ली दिली. पण कानाला लावायची यंत्रं दादरच्या हॉलबरोबर ठरलेली होती, तीही गेली. म्हणजे माझं बोलणं एकेकाच्या कानात न जाता मंडळाच्या भोंग्यावरून जाणार. आरती ज्या भोंग्यावरून चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू येते, त्याच भोंग्यावरून.

रविवारी दुपारी उंच बाई शिडीवर चढून दारा-खिडक्यांना चादरी बांधत होती. "मावशी, गाठ अशी मारलीये, आता सूर्याला आत यायचं तर पास काढावा लागेल." मी हसत होते तेवढ्यात भाऊजी आले. पडद्यावर एक छोटा सिनेमा तपासायला लावला होता. दोन बायका, पन्नाशीच्या पुढच्या, एका खोलीत राहतात. एक दुसरीच्या केसांना तेल लावते. सिनेमात कोणी एक शब्द बोलत नाही. भाऊजींनी उभ्यानेच शेवटपर्यंत बघितला आणि मला बाहेर बोलावलं.

"हे काय आहे, वहिनी?"

"सिनेमा आहे."

"ते मलाही दिसतंय. दिसतंय ते दिसू दे. अंधारात कोणी काय बघितलं, कोण विचारायला जातंय? पण भोंग्यावर नको. वर बायका-पोरं आहेत. तेवढा वेळ तुम्ही पाणी प्या."

"आणि ज्यांना दिसत नाही ते?"

"त्यांना काय कळणार? थोडा वेळ शांतता, बस." मग आवाज खाली आणला. "तुम्हाला इथंच राहायचंय ना?"

खोली अजून सासूबाईंच्या नावावर आहे. चाळ पाडून टॉवर उभा राहील तेव्हा माझ्या हक्काच्या कागदावर भाऊजींची सही लागणार. त्यांनी सहीचं नाव काढलं नाही. काढायची गरज नव्हती.

मी मुलीला सांगितलं. तिने काठी घडी करून मांडीवर ठेवली. "काकू, ठरवा तुम्ही. पण गप्प बसणार असाल तर आत्ताच सांगा. मी आमच्या माणसांना तेवढ्या वेळासाठी बाहेर नेऊन बसवते. आत बसवून फसवायला नको."

मी माइक चालतोय का ते बघायला उठले.

हॉल भरला. खुर्च्यांखाली पांढऱ्या काठ्या ठेवलेल्या. भाऊजी पहिल्या रांगेत, हाताची घडी. दिवे मालवले, मी सांगायला लागले. स्वयंपाकघर आहे. गॅसवर दूध आहे. एक बाई पाटावर बसलीये, दुसरी तिच्या मागे. ती बुचडा सोडते. वाटीत बोटं बुडवते. ती वाटी खाली ठेवते. मग मी थांबले, बाबा. ठरवून नाही. तोंडच उघडेना. हॉलमध्ये फक्त सिनेमातल्या दुधाचा आवाज. भाऊजींच्या खुर्चीतून हुश्श केल्यासारखा श्वास ऐकू आला. दुसऱ्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ते पुढे वाकले आणि हळू म्हणाले, "मग?"

त्याच वेळी वर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

बागेक शिट्टी कोण मारता गो.

"ती वाकते," मी म्हटलं. "पाटावरची मान वळवते. ती तिच्या ओठांवर ओठ ठेवते. पाटावरची तिचं मनगट धरते. सोडत नाही." भोंग्याने ते चौथ्या मजल्यापर्यंत नेलं, मला माझाच आवाज आवारातून परत ऐकू आला. भाऊजी उठले. दाराची चादर बाजूला झाली, पडद्यावर ऊन पडून चित्र पांढरं पडलं. उंच बाईने पुढे होऊन चादर ओढून धरली आणि शेवटपर्यंत तशीच धरून उभी राहिली. मी पुढचं सांगत राहिले. दूध उतू जातं. कोणी उठत नाही. संपल्यावर टाळ्या झाल्या; अक्षरं लिहिणाऱ्या मुलाने दोन्ही हात वर करून पंजे हलवले, त्यांची टाळी तशी असते. भाऊजींची खुर्ची रिकामी होती.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. शेवटी पाटावरची बाई हसते, असं मी म्हटलं. ती हसली का, मला माहीत नाही. तिची पाठ होती आमच्याकडे. पदरचं घातलं मी. म्हाताऱ्या गृहस्थांचा चेहरा तेव्हा असा काही झाला होता, की मला राहवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी भरून झाल्यावर मी हॉलची किल्ली घेऊन वर गेले. भाऊजी पेपर वाचत होते. किल्ली ठेवा म्हणाले, मान वर केली नाही, सहीचं बोलले नाहीत. मी वळले तशी जाऊबाई आतून पिठाच्या हाताने बाहेर आल्या. नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "वैनी, ते दूध उतू गेल्यावर काय झालं हो? ह्यांनी धाडकन दार लावून घेतलं, मला पुढचं ऐकूच नाही आलं." पेपरचं पान काही उलटलं नाही. मी उंबऱ्याशी बसले आणि त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. शेवटी त्या बाईला पुन्हा हसवलं.