फळीची खोली

पाइन हॉलो, विस्कॉन्सिन
१० सप्टेंबर १९७९

चि. आर्लन यास,
आजीचे अ. उ. आ.

परवा शनिवारी रेडिओला कान लावून बसले होते. भांडी तशीच, कोंबड्या उपाशी. शेजारची लिलियन विणकाम घेऊन आली होती. तिला मी आठवडाभर सांगून ठेवलं होतं, की आमचा आर्लन कॉलेजच्या फुटबॉल संघात आहे, आता बघ कसं नाव घेतात ते. रेडिओवाला दुपारभर ओरडत होता. चेंडू कुणी फेकला, कुणी झेलला, कुणी घेऊन पळाला, कुणाच्या बुटाची नाडी सुटली, सगळं सांगितलं त्यानं. तुझं नाव काही नाही. जाताना लिलियन म्हणाली, की सिग्ने, तुझा नातू तिथं खरंच शिकायला गेला असेल हो, तू उगाच त्याच्यावर संशय घेतेस.

तर आता मला नीट समजावून सांग. तुमच्यात बारा-पंधरा दांडगे आहेत असं तूच म्हणालास, आणि पुढच्या फळीत उभे राहतात पाच. मग बाकीचे कशाला पोसतात? आम्ही भाकड गाय दुसरा हिवाळा ठेवत नव्हतो. आणि सामना संपल्यावर तुमचे ते कोच ब्रॅनिगन रेडिओवर म्हणाले, की आमच्या फळीला खोली नाही हीच माझी काळजी. मला तर गलबलूनच आलं. एवढाली पोरं, आणि त्यांना खोली नाही! माझी वरची माडी रिकामीच आहे, चौघं तरी मावतील, पलंग मोडले तर मोडले. लिलियन म्हणते खोली म्हणजे ती नव्हे. मग कुठली? विहिरीची?

तू खेळतोस की नुसता जेवतोस, एवढं तरी कळव.

माझी माया आणि तुझं वजन, दोन्ही वाढतं असू दे.

तुझी आजी
सिग्ने

सेंट ऑल्बन कॉलेज
१७ सप्टेंबर

ती. आजीस,
आर्लनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचलं, ही चूक झाली. आता सगळे दांडगे मला माडीचं भाडं विचारतायत.

रेडिओवर आमचं नाव यायचं नसतंच. आलं तर समजायचं, की काहीतरी चुकलं. मधला एक गडी चेंडू मागे देतो, बाकीचे आम्ही चेंडूला शिवतही नाही. मागे चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक उभा असतो. समोरून बैलासारखे धावत येणारे त्याच्यापर्यंत पोचू द्यायचे नाहीत, एवढंच आमचं काम. 

आता खोली. पाचांच्या मागे पाच, त्यांच्याही मागे आणखी. फळीत रोज कुणाचं तरी बोट, गुडघा, खांदा कामातून जातो. पळणारा गडी पडला तर दुसरा पळतो, जरा हळू पळतो इतकंच. पण फळीत एका जागी भोक पडलं की उरलेले चौघं असून नसल्यासारखे. म्हणून कोच म्हणतात, पाच किती चांगले ते सोडा, सहावा आणि सातवा कसा आहे त्यावर हंगाम ठरतो. तीच खोली. विहिरीचीच धर.

मी उजव्या बाजूला मागच्या पाचांत होतो. डाव्या टोकाला माझा रूममेट, स्टॅन कोझाक. मिलवॉकीचा, त्याचे वडील तिथं मटणाच्या कारखान्यात आहेत. डावं टोक सगळ्यांत अवघड, कारण फेकताना क्वार्टरबॅकची पाठ तिकडं असते, तिकडून कोण आलं ते त्याला दिसत नाही. स्टॅनच्या मागे जो होता तो नापास होऊन घरी गेला, म्हणून मला तिकडं हलवलंय. पण बाजू बदलली की सगळंच उलटं होतं. पुढचा पाय मागे, मागचा पुढे. सोमवारी मी माझ्याच पायात अडकून आडवा झालो. कोच म्हणाले, की शाब्बास, निदान तुला ओलांडायला त्याला वेळ तरी लागला.

इथं बटाटे रोज असतात. उकडलेले, ठेचलेले, कधी सालासकट, आणि गुरुवारी कसल्या तरी पांढऱ्या रश्शात. तुझ्या चर्चच्या जेवणाची आठवण येते, सुका मासासुद्धा गोड वाटेल.

स्टॅनचा घोटा जरा दुखावलाय. विशेष नाही. कुणाला बोलू नकोस.

लोभ आहेच, तो लिलियनबाईंनाही थोडा दे.

तुझा
आर्लन

पाइन हॉलो
२२ सप्टेंबर

चि. आर्लन,
अ. उ. आ.

विहिरीचं डोक्यात शिरलं. पाणी असतं तोवर सगळ्या विहिरी सारख्याच. कोरड्या साली कळतं कुणी किती खणलंय.

पण ते उलट्या पायांचं मला खरं वाटेना. म्हणून काल दिवसभर सगळं डाव्या हातानं करून पाहिलं. बटाट्याची लेफ्सा लाटली, गोल पोळीचा नकाशा झाला. अंडं फोडलं ते थेट बाहीत गेलं. केस विंचरताना लिलियन आली, तिला वाटलं मला झटकाच आला, ती डॉक्टरला फोन करायला धावली. पुढची ओळ डाव्या हातानं लिहिते, बघ लागते का. आर्लन गाढव आहे. लागली ना? मग तुलाही जमेल, सराव हवा.

आता माझं ऐक. बटाट्यांवर तू ऐसपैस लिहिलंस आणि त्या पोराच्या घोट्याचं एका ओळीत उरकलंस. वर कुणाला बोलू नकोस. मी कुणाला बोलणार, कोंबड्यांना? विशेष नाही म्हणतात तेव्हाच विशेष असतं. तुझी आई लग्न ठरवून घरी आली तेव्हाही विशेष काही नाही म्हणून दूध पीत बसली होती.

तर घोटा त्याचा आणि टोचतोय तुला, हे कसं काय? लिही.

तुझी, बिनकामाची चौकशी करणारी
आजी

सेंट ऑल्बन कॉलेज
३० सप्टेंबर

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तुझ्यापासून काही लपत नाही. लपवायचंही नव्हतं बहुतेक.

स्टॅनचा घोटा वाईट आहे. सकाळी जिना उतरताना तो कठड्याला धरून बसत बसत उतरतो, आणि कुणी आलं की नाडी बांधायचं सोंग करतो. ट्रेनर यायच्या आत स्वतःच चिकटपट्टी गुंडाळतो, वर दोन मोजे. कोचना पत्ता नाही. काल सामन्यात मला दिसलं, की समोरचा धडकला की तो त्या पायावर भार घेतच नाही. एक दिवस तो पाय तरी जाईल, नाहीतर क्वार्टरबॅकची पाठ. त्यानं माझ्याकडून शपथ घेतली आहे.

आणि आजी, मी सांगितलं तर जागा कुणाला मिळेल? मलाच. सगळे म्हणतील, शेजारच्या खाटेवर झोपून चुगली केली आणि जागा लाटली. 

मी त्याला म्हटलं, की बस ना बाबा थोडे दिवस. तो हसला. म्हणाला, की बसलो असतो रे, पण मागे कोण आहे? तू आत आलास तर क्वार्टरबॅकची आई मला शिव्या घालेल. चेष्टेतच बोलला. पण ते खरं आहे म्हणून झोंबलं. ऑक्टोबरच्या वीस तारखेला नदीपलीकडच्या कॉलेजशी सामना आहे. त्याचे वडील सुट्टी काढून येतायत, आयुष्यात पहिल्यांदा मुलाचा खेळ बघायला. म्हणजे तो त्या दिवशी मरत असला तरी खेळणार.

काय करू ते सांग. चेष्टा नंतर कर.

आर्लन

पाइन हॉलो
४ ऑक्टोबर

चि. आर्लन,
आशीर्वाद, या खेपेला जरा जास्तच.

चेष्टा बाजूला ठेवली. फार वेळ राहणार नाही, तर पटकन वाच.

तुझे आजोबा पलमर गायींना दुसऱ्याचा हात लागू देत नव्हते. लिलियनचा मुलगा शिकतो म्हणाला, त्याला हाकलला. मी गोठ्यात गेले तर मलाही हाकलायचे, म्हणायचे की गायी पान्हा चोरतात. मग काय, ताप असो, बर्फ असो, छातीत कळ असो, जायचे तेच. सगळा गाव म्हणायचा, पलमर एक दिवस चुकला नाही. पाद्रीबाबानं पुरताना तेच सांगितलं. मी पहिल्या बाकावर बसून मनात म्हणत होते, की चुकायला काय झालं होतं मेल्याला? कौतुक पुष्कळ झालं, माणूस गेला.

त्या पोरानं तुला उत्तर देऊन टाकलंय, तुझ्या कानात बटाटे आहेत म्हणून ऐकू आलं नाही. बसलो असतो, पण मागे कोण आहे, असं म्हणाला ना? मग तू मागे उभा राहा की. त्यालाच म्हण, मला डावी बाजू शिकव. शिकवताना त्याला दिसेल, की जग आपल्या एकट्याच्या घोट्यावर उभं नाही.

पण नुसतं तेवढ्यावर सोडू नकोस. मुदत दे. त्याच्या तोंडावर सांग, की वीस तारखेच्या सामन्याच्या सकाळपर्यंत तू कोचना सांगितलं नाहीस तर मी सांगणार. पाठीमागून सांगणं ती चुगली, तोंडावर बजावून सांगणं ती चुगली नव्हे. लोक चोर म्हणतील तर म्हणू देत. तुझं अंग केवढं आहे, चार शिव्या सहज मावतील. त्याला पाय दोनच आहेत.

बाकी ठीक. तपकिरी कोंबडी खुडूक बसली आहे आणि लिलियनला पाहून फिसकारते, मला बरं वाटतं.

माया आहे, ती गृहीत धर.
आजी

सेंट ऑल्बन कॉलेज
१५ ऑक्टोबर

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितोय. स्टॅन शिकवतोय. वसतिगृहाच्या मागच्या व्हरांड्यात तो खुर्चीवर बसतो, हातात झाडू. माझा चुकीचा पाय पुढे आला की नडगीवर झाडू. खांदे वर गेले की झाडू. बरोबर केलं तरी एकदा, सवय मोडू नये म्हणून. भिंतीला गादी टेकवलीय, तिला मी इतका भिडलोय, की आतला कापूस एका बाजूला गेला. मला वाटायचं तो ताकदीवर खेळतो. तसं नाहीये. तो समोरच्याच्या कमरेकडं बघतो. डोकं फसवतं, हात फसवतात, कमर फसवत नाही म्हणतो.

शुक्रवारी सरावात आमच्यातला सगळ्यांत तापट माणूस माझ्यावर सोडला. तो मला ओलांडून गेला नाही. स्टॅन जेवायला निघून गेला. 

परवा त्याला मुदतीचं सांगितलं. तेव्हापासून तो माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. शिकवतो, पण मुक्यानं, नुसत्या झाडूनं. आता झाडू जोरात लागतो.

आर्लन

पाइन हॉलो
२१ ऑक्टोबर

चि. आर्लन,
अ. उ. आ.

काल मी तिथं होते. आधी कळवलं नाही, नाहीतर तू वर बघत बसला असतास. लिलियननं गाडी आणली आणि वाटभर मला ब्रेक दाबायला लावले, माझ्या बाजूला ब्रेक नसताना.

चेंडू मी पाहिलाच नाही. डाव्या टोकाला तू पहिल्यापासून उभा, आणि स्टॅन कोट घालून बाकावर, पाय खोक्यावर ठेवलेला. माझा जीव भांड्यात पडला, पण चौकशी काही पडेना. पुढच्या ओळीत हॅट घातलेला एक जाडजूड माणूस होता. तो उठून तुझ्या नंबरला ओरडायला लागला, की चोर आहेस, माझ्या मुलाची जागा चोरलीस. बघावं तर तोंडवळा स्टॅनचाच. मी त्याच्या खांद्यावर छत्री टेकवली आणि सांगितलं, की तो चोर माझा नातू आहे, आणि चोरलाच असेल तर तुमच्या मुलाचा मार चोरलाय, मोजत बसा हवा तर. तेवढ्यात तू वेळेआधी हललास आणि कर्ण्यातून तुझं नाव साऱ्या गावाला ऐकवलं. तो माणूस म्हणाला, बघा! मी म्हटलं, आईकडून आलंय ते त्याच्यात, तीही नेहमी घाई करायची.

पुढं तुझ्या बाजूनं एकदा क्वार्टरबॅक पडला, ते मी पाहिलं. नंतर नाही पडला, तेही पाहिलं. हरलात, असू दे. शेवटी सगळे उठले तेव्हा तो बाप खाली कठड्यापाशी गेला. स्टॅननं मोजा खाली केला. वांग्यासारखा काळानिळा पाय, आर्लन. बापानं हॅट काढली, आणि मग तुम्ही ज्या दारानं आत गेलात तिकडं बराच वेळ बघत उभा राहिला. मी त्याला उरलेली लेफ्सा दिली. खाल्ली.

आता मला झोप येत नाही ती एकाच गोष्टीनं. कोचना सांगितलं कुणी, तू की त्यानं?

उत्तर आलं की माया पाठवते, तोवर अडवून ठेवलीय.
आजी

सेंट ऑल्बन कॉलेज
१ नोव्हेंबर

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

अक्षर वेगळं दिसेल. कारण शेवटी.

त्या सकाळी मी कोचच्या ऑफिसकडे निघालो. बघतो तर पायऱ्यांवर स्टॅन बसलेला. मला वाटलं अडवायला बसलाय. तो म्हणाला, की कधीचा आलोय, पण या पायऱ्या चढवत नाहीत, हात दे. दोघं वर गेलो. बोलला तोच. मी दार धरून उभा होतो. कोचनी आधी पाय बघितला, मग माझ्याकडे, आणि डावं टोक म्हणून माझं नाव लिहिलं. 

हाडाला चीर होती. डॉक्टर म्हणाले, आणखी एका सामन्यात पाय जन्माचा गेला असता. नाताळपर्यंत प्लास्टर. त्याच्या वडिलांनी मला मोठं सॉसेज पाठवलंय, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही.

आता गंमत ऐक. मंगळवारी सरावात माझा उजवा अंगठा समोरच्याच्या हेल्मेटच्या जाळीत अडकून उलटा झाला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. आणि पहिला विचार काय आला माहीत आहे? मूठ मिटायची, कुणाला कळू द्यायचं नाही. जागा आत्ता कुठं मिळालीय. मग मागे बघितलं. माझ्यामागे आता पहिल्या वर्षाचा व्हर्नन आहे, स्टॅन त्याला झाडूनं शिकवतो. पोरगा बरा उभा होता. पाय बरोबर होते त्याचे.

मी हात वर केला आणि बाहेर आलो. बाकावर स्टॅन पसरून बसला होता. त्यानं नुसती कुबडी उचलून पलीकडे ठेवली, मला बसायला जागा झाली.

अंगठा बांधलाय, म्हणून मी सांगतोय आणि स्टॅन लिहितोय. अडवलेली माया सोड आता.

तुझा
आर्लन

ता. क. आजी, मी स्टॅन. त्यानं सांगितलं ते सगळं उतरवलंय, एक वाक्य सोडून. ते माझ्या कौतुकाचं होतं, माझ्याच हातानं लिहवेना. माडी अजून रिकामी असेल तर नाताळला आम्ही दोघं येतो. मला खालचा पलंग द्या, जिना जमणार नाही.