तीन चाकांचा दृष्टान्त

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. हा शब्द या वेळी केवळ रिवाज म्हणून लिहिलेला नाही. गेल्या आठवड्यात माझी आठही अंगं वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कोनांतून आणि बहुधा अनपेक्षितपणे जमिनीला भेटून आली आहेत, त्यामुळे आता सगळ्यांनी मिळून एकदा नमस्कार करायला त्यांना जड जाऊ नये. तुझं पत्र पोचलं. गुडघा सुधारतोय हे वाचून जिवाला बरं वाटलं. जिना चढता येतो, बाजारातून भरली पिशवी आणता येते, इतकं तू लिहिलंस. पण थोडंसं पळता येतं का, ते लिहिलं नाहीस. फार नाही, एखाद्या लहानशा मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. डॉक्टरांना विचारून सविस्तर कळव. (चौकशी निव्वळ प्रेमापोटी.) भाऊजींना नमस्कार. हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवू नकोस. ते मधेच हसत सुटतात आणि मग पुढचं ऐकत नाहीत.

आमच्या शाळेत ‘वर्गाबाहेरचा आठवडा’ नावाचं एक प्रकरण असतं. मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, यांचं मत असं की चार भिंतींत शिकलेलं चार भिंतींतच राहतं. म्हणून वर्षातून एक आठवडा पुस्तकं बंद, घंटा बंद, आणि एकेका शिक्षकामागे मुलांचा एकेक गट बाहेर. कोणी बेकरीत पीठ मळायला, कोणी मातीची भांडी करायला, कोणी झाडं लावायला. ‘आपले ऋषीसुद्धा झाडाखालीच शिकवायचे ना, सर?’ हे बाई मला दर वेळी ऐकवतात. (ऋषींना भिंती परवडत नसाव्यात, अशी माझी समजूत आहे, पण मी ती बोलून दाखवत नाही.)

आता माझ्यावरचा प्रसंग कळायला तुला माझी शिकवण्याची पद्धत ठाऊक हवी. संस्कृतच्या शिक्षकाचं दृष्टान्तावाचून पान हलत नाही. आमचे जुने नैयायिक, म्हणजे तर्कपंडित, घटाबद्दल आयुष्यभर बोलले, पण त्यांच्यापैकी कोणी मडकं घडवल्याचं ऐकिवात नाही. डोंगरावरच्या धुराची चर्चा त्यांनी पिढ्यान् पिढ्या चालवली, पण डोंगर कोणी चढला नाही. त्याच थोर परंपरेत मी कित्येक वर्षं वर्गात सायकलचा दृष्टान्त देत आलो आहे. मागचं चाक म्हणजे पाठांतर आणि पुढचं म्हणजे अर्थ. मागच्याने जोर द्यायचा, पुढच्याने दिशा. पायडलकडे बघतो तो पडतो, रस्त्याकडे बघतो तो जातो. हँडल जितकं आवळाल तितकं ते फितूर होतं. आमच्या वर्गाची खिडकी व्हरांड्यात उघडते, आणि मोठ्या बाई व्हरांड्यात गस्त घालतात. यंदा कामांचं वाटप झालं तेव्हा नववीच्या सायकल सहलीचे प्रमुख म्हणून त्यांनी माझं नाव वाचलं. वर म्हणाल्या, “इतकं मनापासून सायकलबद्दल बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.”

ताई, मला सायकल येत नाही हे या भूतलावर तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? अख्ख्या गल्लीला तू शिकवलंस. वाण्याची मुलगी शिकली, पोस्टमनचे जुळे शिकले, मीच तेवढा राहिलो. कारण माझ्या वेळी तू मागून सीट सोडलीस, आणि सोडताना सांगितलं नाहीस. मी शिंपीणबाईंच्या दोरीवरच्या ओल्या चादरीत शिरलो आणि चादरीसकट पलीकडे निघालो. त्या दिवसापासून मी सायकलचा फक्त तात्त्विक विचार करत आलो आहे.

बाईंना खरं सांगायचा प्रयत्न मी केला, हे नमूद कर. त्यांच्या खोलीत जाऊन म्हणालो, “माझा आणि सायकलचा संबंध दृष्टान्तापुरताच आहे हो.”

त्या हसल्या. म्हणाल्या, “विनय पुरे, सर.”

संस्कृतच्या शिक्षकाने काहीही नाकारलं तरी लोक तो विनयच धरतात. ही आमच्या धंद्यातली मोठी अडचण आहे. अधिक जोर लावून बोललो असतो, पण तेवढ्यात शाळेचा नियम आठवला. सायकल सहलीत प्रमुख शिक्षक सायकलवर सर्वांत पुढे हवा. तो नसेल तर सहल रद्द. गेल्या वर्षी आमच्या व्यायामशिक्षकांचा (मुलं त्यांना शिट्टीसर म्हणतात) पाय ऐन वेळी मुरगळला, आणि तळ्यावर जायला नटून आलेली हीच मुलं आठवडाभर सभागृहात कागदाची फुलं करत बसली. ती फुलं अजून जिन्यावर टांगलेली आहेत. त्यांच्याइतकी उदास फुलं मी पाहिली नाहीत. यंदा बाकीचे सगळे शिक्षक कुठे ना कुठे गुंतलेले. आणि दहावीला हा आठवडा नसतो. म्हणजे शुक्रवारी मी पुढे नसलो तर या मुलांचं तळं कायमचं बुडालं. तो विनय मी पत्करला.

सोमवारी तुझ्या भावजयीची सायकल घेऊन, म्हणजे हातात धरून, शाळेत गेलो. तिथून मुलांना पंक्चर काढायला शिकण्यासाठी दुकानात नेलं. तेव्हाही मी सायकलच्या शेजारून चालत होतो. मुलांनी कारण विचारलं. रस्त्यावर पायी चालणाऱ्याच्या दृष्टीनेही जग पाहता आलं पाहिजे, असं मी सांगितलं. मुलांना ते फार पटलं आणि त्यांच्यापैकी निम्मी उतरून चालू लागली. दुकानदाराने आमच्याकडे, मग सायकलींकडे, मग पुन्हा आमच्याकडे पाहिलं आणि ‘सगळ्याच पंक्चर आहेत का?’ असं विचारलं.

मंगळवारी माझं बिंग फुटलं. गटात एक मुलगी आहे, तिला सगळे शंका म्हणतात. नाव का पडलं हे सांगायला नको. सकाळी ती माझ्या सायकलपाशी उकिडवी बसली, आणि उठून म्हणाली, “सर, एक शंका.”

“विचार.”

“तुमच्या सायकलची चेन कालपासून पडलेली आहे.”

“मग?”

“चालवणाऱ्याला पहिल्या पायडललाच कळतं. तुम्हाला आजपर्यंत कळलं नाही. म्हणून...” इथे ती थांबली. अनुमान कसं मांडावं हे मीच तिला शिकवलं होतं, आणि निष्कर्षाशी आल्यावर थांबू नये हेही मीच. पण ती थांबली. ताई, त्या थांबण्याला मी वार्षिक परीक्षेत पूर्ण गुण देणार आहे.

निष्कर्ष भोंग्याने काढला. (हा मुलगा कुजबुजला तरी पलीकडच्या गल्लीतली खिडकी उघडते.) “म्हणजे सरांना येतच नाही?”

मला वाटलं, संपलं. पण मुलांनी तिथल्या तिथे सभा घेतली आणि ठराव केला की हे गुपित बाहेर जाऊ द्यायचं नाही, भोंग्याने आठवडाभर तोंड उघडायचं नाही, आणि शुक्रवारपर्यंत सरांना तयार करायचं. परोपकार वगैरे काही नाही हं. तळ्याचा प्रश्न होता. शाळेमागच्या मैदानावर माझी शिकवणी सुरू झाली, आणि मग मी जे भोगलं ते कोणत्याही आचार्याने भोगू नये. माझीच वाक्यं, माझ्याच सुरात, माझ्यावर फेकली जात होती. “सर, पायडलकडे बघतो तो पडतो!” “सर, हँडल फितूर होतंय!” “सर, मागचं चाक म्हणजे पाठांतर, जरा जोर लावा!” ही वाक्यं मी आजवर वर्गात कोणत्या तोंडाने बोललो असेन, असा प्रश्न मला मैदानाच्या प्रत्येक कोपऱ्यात पडला. शब्दशः पडला. एकदा तर बागकामवाल्या गटाच्या गांडूळखताच्या खड्ड्यात. विज्ञानाच्या बाई धावत आल्या. “लागलं का हो?” त्यांनी कळवळून विचारलं. मी ‘नाही’ म्हणणार तोच माझ्या लक्षात आलं की त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या, गांडुळांकडे बघत होत्या.

खरं सांगायचं तर दोष शिकवणाऱ्यांचा नव्हता. शंका मागून कॅरिअर धरून पळत असे, आणि मी आधीच तिच्याकडून वचन घेतलं होतं: सोडायचं नाही. दर दोन पावलांवर मी विचारी, “धरलंय ना?” आणि मागून धापा टाकत उत्तर येई, “धरलंय, सर!” तिने एकदाही सोडलं नाही. (काही माणसं शब्दाला जागतात. हे वाक्य सहज लिहिलं आहे, अंगाला लावून घेऊ नकोस.) मात्र त्यामुळे माझी गती काही बदलली नाही, शंकेची बदलली. गुरुवारी भोंगा म्हणाला, “सर, शंका आता धावण्यात जिल्ह्यात पहिली येईल, पण तुम्हाला सायकल येणार नाही.” त्याने तोंड न उघडण्याचं वचन मोडलं होतं, पण बोलला ते खोटं नव्हतं.

त्या दुपारी सगळे भिंतीला टेकून बसलो. कोणी ‘पुन्हा एकदा, सर’ म्हणेना. भोंगासुद्धा. मला जिन्यावरची कागदी फुलं दिसू लागली. बाईंकडे जाऊन सहल रद्द करा म्हणून सांगावं, असं ठरवून मी उठलो. तेवढ्यात फाटकातून शिपाईदादा पिण्याच्या पाण्याचे कॅन घेऊन आले. कशावरून आले? शाळेच्या मालवाहू सायकलवरून. पुढे एक चाक, मागे दोन, आणि मागच्या दोहोंमध्ये भली मोठी पेटी.

शंका सावकाश उठून उभी राहिली. म्हणाली, “सर, एक शंका.”

बाईंच्या खोलीत तिने जो वाद घातला तो ऐकायला जुने पंडित हवे होते. बाई म्हणाल्या, सायकल म्हणजे दोन चाकी. शंका म्हणाली, “बाई, नियमात सर सायकलवर हवेत एवढंच आहे. चाकं मोजलेली नाहीत.” बाई म्हणाल्या, पण कशासाठी? शंका म्हणाली, “मग सगळ्यांचं पाणी आणि खाणं कोण नेणार? सर म्हणाले, मी ओढतो.” मी असं काही म्हणालो नव्हतो. बाईंचे डोळे भरून आले. “सर, तुमचा हा साधेपणा...” त्या म्हणाल्या. मी विनयाने मान खाली घातली. दुसरीकडे कुठे घालणार?

शुक्रवारी निघालो. तीनचाकी पडत नाही हे खरं, पण तिला स्वतःची मतं असतात. रस्ता कडेला जरा उतरता असला की ती गटाराकडे ओढ घेते, आणि तिला मध्यावर आणायचं म्हणजे रुसलेल्या जावयाला पंगतीत आणण्यासारखं. चढावर मुलं उतरून पेटी ढकलत. उतारावर मी फक्त घंटी वाजवत असे, कारण दुसरं काही माझ्या हातात नसे. एक गृहस्थ कुत्र्याला फिरवत आमच्या पुढे निघून गेले. थोड्या वेळाने ते परत येताना समोरून भेटले आणि कुत्र्याने ओळख दाखवली. पण इतकी शिस्तबद्ध रांग शाळेच्या इतिहासात झाली नाही, असं बाईंनी नंतर सर्वांदेखत सांगितलं. माझ्या वेगाने चालवायची म्हटल्यावर बेशिस्त करायला वाव कुठे होता?

आणि तळं आलं, ताई. मुलांनी सायकली गवतात टाकल्या आणि ती ओरडत पाण्याकडे धावली. कोणी पाय बुडवून बसलं, कोणी खडे उडवू लागलं, भोंग्याने आठवडाभर दाबून ठेवलेली आरोळी ठोकली आणि पलीकडच्या काठावरची बदकं उठली. मी पाव आणि केळी वाटत होतो. गेल्या वर्षी सर्वांत जास्त फुलं करणारा एक अबोल मुलगा आहे, तो माझ्या हातून केळं घेताना म्हणाला, “सर, आलोच की.” बस, एवढंच. मी पेटीत काहीतरी शोधल्यासारखं केलं.

बाई आमच्या स्वागताला गाडीने आधीच येऊन थांबल्या होत्या. त्यांची गाडी बेकरीवाल्या गटाला आणायला निघून गेली, तेव्हा आपल्या गटाचं काम आटोपून तळ्यावर येऊन पोचलेल्या शिट्टीसरांनी तत्परतेने जादा आणलेली सायकल त्यांच्यापुढे उभी केली. बाईंनी सायकलकडे पाहिलं. मग तळ्याकडे. मग माझ्याजवळ येऊन, मुलांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, “सर, तुमच्या पेटीत जागा होईल का?”

‘विनय पुरे, बाई’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण माझा वार्षिक अहवाल त्यांच्या हातात असतो.

येताना पेटीत रिकाम्या कॅनच्या गर्दीत मोठ्या बाई बसलेल्या, मी पायडल मारतोय, आणि मागे अख्खी नववी, अशी मिरवणूक बाजारातून आली. तुझी भावजय नेमकी दुकानाच्या पायरीवर उभी होती. घरी आल्यावर तिने इतकंच विचारलं, “कुठे नेऊन ओतणार होतात त्यांना?”

असो. मोठ्यांना नमस्कार, लहानांना पापे, आणि भाऊजींना जे योग्य वाटेल ते. उत्तर लवकर लिही, आणि गुडघ्याचं विसरू नकोस.

तुझा,
अजून उभा असलेला धाकटा भाऊ

ता. क. सायकलचा दृष्टान्त मी आता वर्गातून कायमचा काढून टाकला आहे. सोमवारी त्याऐवजी पोहणाऱ्याचा दिला. पोहणारा पाण्याशी भांडत नाही, पाण्यावर विश्वास ठेवतो, असं बरंच काही रंगून सांगितलं. मग खिडकीकडे लक्ष गेलं. बाई मान डोलावत उभ्या होत्या. तुला उत्तम पोहता येतं हे माझ्या लक्षात आहे; पण तो पुढच्या वर्षीचा प्रश्न.

आणखी ता. क. सुट्टी लागली की पहिल्या रविवारी ही मुलं पुन्हा तळ्यावर चालली आहेत. शाळा नाही, नियम नाही, त्यांची ती. मला बोलावलं आहे, आणि मी भरात हो म्हणून बसलो. शंकेने अट घातली आहे: चाकं दोनच. तेव्हा गुडघ्याची चौकशी निव्वळ प्रेमापोटी, असं वर लिहिलं आहे ते अर्धंच खरं समज. त्याआधी आठ-पंधरा दिवस ये. मैदान मऊ आहे, खड्डा आता झाकला आहे, आणि आमच्या बाजूला कोणी चादरी वाळत घालत नाही. तू फक्त मागून सीट धर. आणि सोडशील तेव्हा, त्या वेळेसारखंच, सांगू नकोस.