न मोडलेला आर्म

३ जानेवारी
ड्रोनचा पुढचा डावा आर्म, मोटर धरणारा दांडा, पुन्हा मुळाशी तडकला. कॉलेजच्या मैदानात कडुनिंबाला नुसता टेकला आणि खाली. सुनंदा म्हणाली, "चाळिशी उलटली, पोरांना फिजिक्स शिकवता, अन् बायकोसमोर खेळणं धड उडवता येत नाही."

५ जाने.
चारही आर्मना खालून बांबूची बारीक कामटी लावली, वर सुती दोरा घट्ट गुंडाळून इपॉक्सी गोंद पाजला. सगळे सारखे जड हवेत, नाहीतर एका अंगाला ओढतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले. मोटरचे स्क्रू ढिले पडू नयेत म्हणून सुनंदाचं नेलपेंट. चोरून. गुलाबी.

८ जाने.
मुद्दाम भिंतीवर नेऊन आपटला. पंख्याचा टवका गेला, आर्म शाबूत. दिवसभर उगाच खूश. वर्गात उशिरा आलेल्यांनाही बसू दिलं.

११ जाने.
सुदाम राठोड आलेला. कॉलेजात माझ्या मागच्या वर्गात होता, आता आर्णीबाहेर तांड्याजवळ शेती. हरभऱ्यात वानरं शिरतात.
"फटाके फोडून थकलो, सर. तुमचं यंत्र फिरवा ना एक डाव. मारू नका बाप्पा, मारुतीचं रूप हाय. फक्त भेव दाखवा."

१२ जाने.
सकाळी गेलो. बांधावर अर्धा तांडा जमलेला. ड्रोन खाली आणला की टोळी पळे, जरा वेळानं परत. "अजून खाली, सर! अजून!" मोठा हुप्प्या मात्र जागचा हलेना. मी सरळ त्याच्यावर घातला. त्यानं हात उगारला. जुना आर्म असता तर तिथंच मोडून यंत्र पडलं असतं. हा मोडला नाही. पंखे फिरत राहिले, आधी त्याच्या पंजात, मग तोंडावर.
टाळ्या वाजल्या.
ड्रोन उतरवून मी आधी आर्म तपासले. एकही तडा नाही. मग वानराकडे पाहिलं. या क्रमानं.

१३ जाने.
सुदामचा फोन. हुप्प्या पंपाच्या खोलीच्या पत्र्यावर बसून आहे, काही खात नाही. "पण हरभऱ्यात एक बी आलं नाही, सर!" जनावरांच्या डॉक्टरला बोलावू म्हटलं.
"जवळ कोन जाईन? अन् डॉक्टर इचारन ना, कसं झालं. मंग काय सांगता?"
मी आग्रह धरला नाही. भीती कशाची होती, चावण्याची की चौकशीची? दोन्हींची, असं लिहिणं सोपं आहे. चौकशीची.

१५ जाने.
मेला. खुर्चीत बसवून मिरवणूक काढली. हार, गुलाल, टाळ-मृदंग. तोंडाची फाटलेली बाजू शेंदरानं लिंपून टाकलेली. बायका पाया पडत होत्या. एक म्हातारी रडत विचारत होती, "कोन्या पाप्यानं केलं रे हे?"
"तारेचा शॉक लागला, काकी," सुदाम म्हणाला. मी त्याच्या शेजारीच होतो.
खड्ड्यापाशी तोच म्हणाला, "पहिली माती सर टाकतीन. शिकेल-सवरेल मानूस हाय." टाकली.
निघताना त्याचा चुलतभाऊ माझ्या गाडीला टेकून उभा. "माह्या तुरीत बी येतेत, सर. परवा जमन काय? तिकडं केलं तसंच करा."
"तसंच म्हणजे?"
"भेवच दाखवाचं. पुढचं आपल्या हाती थोडीच हाय?"
पाहतो म्हणालो. का म्हणालो...

१६ जाने.
मोटरांत अडकलेले केस सुईनं काढले. करडे. मग करवतीचं पातं घेऊन आर्मला मुळाशी खाच पाडायला बसलो; धक्का लागताच मोडावा म्हणून.
सुनंदा बघत होती. "एवढं वाटतं तर जाऊच नका. खाच कशाला?"
पातं ठेवून दिलं. एका आर्मला अर्धी खाच, बाकीचे तसेच. आता हा धक्क्यानं मोडेल, आपोआप मोडेल, की मोडणारच नाही, सांगता येत नाही. चुलतभावाचा फोन येऊन गेला. उचलला नाही. नाही असंही कळवलं नाही.
बॅटरी चार्जिंगला आहे. सकाळी मीच लावली.