दारफाळणीचं सुतक

धुळे,
गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

लाडक्या सेफोरास, आजीचा शलोम आणि एक गालगुच्चा.

अक्षर शेजारच्या कोकिळाचं, बोलणं माझं. फोन तू आईच्या शेजारी उचलतेस आणि नुसतं हं-हं करतेस, म्हणून हिला बसवलंय. इथे सगळं ठीक. चैन तेवढी पडत नाही. दार उघडते, लावते, पुन्हा उघडते.

तुझ्या डेंग्यूत मी आपल्या पैगंबराला, एलियाहू हनाबीला, मलिद्याचा नवस बोलले होते. पोहे, गूळ, खोबरं, फळं, सगळं तुमच्या जळगावच्या बंगल्यात मांडायचं ठरलं. तर काल तू म्हणतेस, "आजी, धुळ्यातच करू या ना. तुला प्रवासाचा त्रास." गेल्या आठवड्यात आले तेव्हा हा त्रास कुठे गेला होता?

बरं, पिठलं चांगलं होतं. मीठ जरा कमी.

आता लपवत नाही. दारफाळणीला मी तुमच्या खिडकीच्या जाळीमागे होते. कोकिळाला सांगितलंय, तो आम्हा ज्यूंचा वर्षाचा मोठा उपास, त्या दिवशी आम्ही पांढरं नेसतो, दारं लावतो, चूल पेटवत नाही, बाहेरच्याशी बोलत नाही. यंदा नेमका त्याच दिवशी दसरा. समोरच्या केळीवाल्यांची शेवंताबाई सोनं द्यायला फाटकाशी आली. "काय गं, सणाला दार बंद? आणि तू पांढऱ्यात?"

तू म्हणालीस, "काकू, सुतक आहे. आजी गेली."

कोकिळा थांबून विचारते, "हाई बी लिखू का?" लिही बाई.

तर मी गेले. बोलायची बंदी, म्हणून गेलेलीच राहिले. संध्याकाळी ती बिचारी डोळे पुसत पिठलं-भाकरी देऊन गेली, मयताच्या घरी देतात तशी. तू डबा ओट्याखाली सारलास. उपास सुटल्यावर मी शोधून खाल्ला. स्वतःच्या मरणाचं पिठलं जेवलेली बाई अख्ख्या खानदेशात मी एकटीच असेन.

तुझ्या बापाला बोलले नाही. कोकिळाच्या सुनेचं डोहाळजेवण आहे म्हणून मागच्या दाराने निघाले. कोकिळाला सूनच नाही.

मला कळतं, पोरी. सुतक म्हटलं की माणूस मागे सरतो. ज्यू म्हटलं की पुढे येतो. म्हणजे कोण? देव कुठला? मग मराठी कसं येतं? त्या कॉलनीत हे सगळं तुलाच. इथे मला कधी सांगावं लागलं नाही. दारफाळणीला गोंगाट नको म्हणून कोकिळाची सासू आमच्या दारापुढे पोरांना खेळू द्यायची नाही. तुझ्या बापाने सामान टेम्पोत घालून नेलं, गल्ली काही नेता आली नाही.

पण 'गेली' म्हणताना तू अडखळलीसुद्धा नाहीस. ते टोचतं.

रविवारी मलिदा तुमच्याकडेच. दुपारी रिक्षाने पुढच्या फाटकाशी उतरेन. शेवंताबाई अंगणात असणारच. तिला मी काही सांगणार नाही. मी कोण, आपण कोण, ते तू सांगायचं. शब्द सुचेनात तर माझा हात धर. बाहेरच आली नाहीस, तर तशीच स्टँडवर परतेन. बापाला तुझ्या एखादं कारण सांगेन, मला ती सुचतात. पण मग ते सुतक खरं धर.

रविवार दुपारपर्यंत तरी हयात असलेली,
तुझी आजी